धावस्पर्धांचे जनसंपर्क कार्य : चेन्नईच्या अनुभवातून काही धडे

जानेवारी महिन्याच्या प्रारंभी चेन्नईत भरणारी मॅरेथॉन आता त्या शहराच्या वार्षिक दिनदर्शिकेचा भाग बनली आहे. पहाटेच्या अंधारात हजारो धावपटू एकत्र येतात, रस्ते वाहतुकीला बंद होतात, शेकडो स्वयंसेवक पाणी आणि प्रथमोपचाराची व्यवस्था सांभाळतात. अशा उपक्रमामागे जे अनेक घटक कार्यरत असतात, त्यांत जनसंपर्क हा घटक सर्वाधिक दिसतो आणि तरीही सर्वाधिक गैरसमजांचा विषय ठरतो. जास्तीत जास्त गर्दी जमवणे आणि वृत्तपत्रांत छायाचित्रे छापून आणणे म्हणजेच जनसंपर्क, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात मोकळ्या मैदानावरील, रस्त्यावरील किंवा डोंगरातील क्रीडा उपक्रमात जनसंपर्काचे मूळ काम वेगळे आहे. योग्य व्यक्तीपर्यंत खरी माहिती वेळेवर पोहोचवणे आणि प्रसंगी ‘येऊ नका’ असेही सांगणे, हे ते काम होय. प्रस्तुत लेखात या कार्याचा आर्थिक, सामाजिक व कायदेशीर अंगांनी विचार केला आहे.

प्रसिद्धी आणि जनसंपर्क : संकल्पनात्मक भेद

आधुनिक जनसंपर्काच्या इतिहासात अमेरिकेतील आयव्ही ली यांचे नाव आरंभीच घेतले जाते. १९०६ मध्ये अटलांटिक सिटीजवळ झालेल्या रेल्वे अपघातानंतर ली यांनी रेल्वे कंपनीला माहिती दडपण्याऐवजी ती पत्रकारांपुढे स्वतःहून मांडण्याचा सल्ला दिला. त्या वेळी काढलेले निवेदन हे पहिले प्रसिद्धिपत्रक मानले जाते. या शास्त्राची सुरुवात एका दुर्घटनेविषयी खरे सांगण्यातून झाली, ही बाब विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

१९८४ मध्ये जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट यांनी जनसंपर्काची चार प्रतिमाने मांडली. पहिले प्रसिद्धीचे प्रतिमान. यात लक्ष वेधणे एवढाच हेतू असतो. दुसरे जनमाहितीचे, यात अचूक माहिती दिली जाते, मात्र ती एकाच दिशेने वाहते. तिसरे द्विमार्गी असममित. यात लोकांचे मत जाणून घेतले जाते, पण ते त्यांचे मन वळवण्यासाठी. चौथे द्विमार्गी सममित. यात लोकांकडून आलेल्या माहितीनुसार संस्था स्वतःच्या निर्णयातही बदल करते.

भारतात पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही व्यावसायिकांची संघटना १९५८ मध्ये स्थापन झाली. १९६८ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या अखिल भारतीय परिषदेत व्यवसायाची आचारसंहिता स्वीकारण्यात आली. त्या परिषदेच्या स्मरणार्थ २१ एप्रिल हा राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो.

धावस्पर्धेच्या बाबतीत ही चारही प्रतिमाने एकाच वेळी कार्यरत असतात. नोंदणी सुरू होताना पहिले, मार्ग आणि वेळा जाहीर करताना दुसरे, प्रायोजक मिळवताना तिसरे आणि रहिवासी, पोलीस व वैद्यकीय पथक यांच्याशी बोलणी करताना चौथे. पहिल्या प्रतिमानाने चौथ्यावर मात केली, की संकटाला वाव मिळतो.

चेन्नईची पार्श्वभूमी

चेन्नईतील हौशी धावपटूंच्या चळवळीत ‘चेन्नई रनर्स’ या २००६ पासून कार्यरत असलेल्या गटाचे स्थान महत्त्वाचे आहे. शहरातील प्रमुख मॅरेथॉनचे संयोजन हाच गट करतो. या स्पर्धेचे नाव प्रायोजकानुसार बदलत गेले. प्रथम विप्रो, नंतर स्केचर्स आणि त्यानंतर फ्रेशवर्क्स या कंपन्यांची नावे तिला जोडली गेली. मुंबईतही हेच घडले. २००४ मध्ये सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन २०१७ पर्यंत स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या आणि २०१८ पासून टाटांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

शासनसंस्थेनेही या क्षेत्रात रस घेतला आहे. ६ ऑगस्ट २०२३ रोजी चेन्नईत एम. करुणानिधी यांच्या स्मरणार्थ झालेल्या मॅरेथॉनमध्ये ७३ हजारांहून अधिक स्पर्धकांची नोंद झाली आणि तिची दखल गिनीज विक्रमात घेतली गेली. २०२१ मध्ये तमिळनाडूचे आरोग्यमंत्री झालेले मा. सुब्रमणियन हे स्वतः शंभराहून अधिक अर्धमॅरेथॉन धावलेले गृहस्थ आहेत. त्यांच्या कारकिर्दीत, नोव्हेंबर २०२३ मध्ये, प्रत्येक जिल्ह्यात ८ किलोमीटरचा आरोग्य चालमार्ग निश्चित करण्याची योजना सुरू झाली. केंद्रीय पातळीवर २९ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झालेल्या ‘फिट इंडिया’ चळवळीशी या उपक्रमांचे नाते स्पष्ट आहे.

मात्र चेन्नईचे हवामान धावपटूला अनुकूल नाही. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो आणि याच काळात चक्रीवादळांचा धोका असतो. डिसेंबर २०१५ चा महापूर, डिसेंबर २०१६ चे ‘वरदा’ आणि डिसेंबर २०२३ चे ‘मिचाँग’ ही चक्रीवादळे शहराच्या स्मरणात आहेत. मार्चपासून उष्मा वाढू लागतो. समुद्रसान्निध्यामुळे आर्द्रता बाराही महिने अधिक असते. म्हणजे लांब अंतर धावण्यास योग्य असा काळ जानेवारी-फेब्रुवारीपुरताच उरतो. जनसंपर्क अधिकाऱ्याला प्रसिद्धीची आखणी करताना प्रथम हे ऋतुचक्र समजून घ्यावे लागते.

धावस्पर्धेचे अर्थकारण

स्पर्धेच्या उत्पन्नाचे तीन मुख्य स्रोत असतात : नोंदणी शुल्क, प्रायोजकत्व आणि शासकीय किंवा स्थानिक संस्थांचे साहाय्य. खर्चाच्या बाजूला मार्गाची आखणी, पाणी, रुग्णवाहिका व डॉक्टर, वेळ मोजण्याची यंत्रणा, स्वच्छता आणि सुरक्षा यांचा समावेश होतो. प्रायोजकाला मोबदल्यात लोकांचे लक्ष हवे असते आणि लक्षाचे सर्वांत सोपे मोजमाप म्हणजे सहभागींची संख्या. त्यामुळे संख्या वाढवण्याकडे आयोजकाचा कल असणे स्वाभाविक आहे.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून स्पर्धांचा खर्च भागवता येईल, असा एक समज आढळतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपये निव्वळ मत्ता, १,००० कोटी रुपये उलाढाल किंवा ५ कोटी रुपये निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. सातव्या अनुसूचीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक व ऑलिम्पिक क्रीडाप्रकारांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे. परंतु कंपनी व्यवहार मंत्रालयाने १८ जून २०१४ च्या परिपत्रकात मॅरेथॉनसारखे एकवेळचे कार्यक्रम या खर्चात धरता येणार नाहीत, असे मॅरेथॉनचा नामोल्लेख करून स्पष्ट केले. जानेवारी २०२१ मधील नियमदुरुस्तीने तर उत्पादनाच्या विपणनासाठी दिलेले प्रायोजकत्व यातून वगळलेच. सारांश, स्पर्धेला मिळणारा प्रायोजकाचा पैसा हा बहुतांशी विपणनाचा पैसा असतो. तो परतावा मागतो.

येथे अर्थशास्त्रातील दोन संकल्पना उपयोगी पडतात. पहिली म्हणजे असममित माहिती. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन ही संकल्पना विशद केली. २००१ मध्ये त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिगलिट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. स्पर्धेच्या मार्गावर पाणी किती ठिकाणी आहे, डॉक्टर किती आहेत, डोंगरातून बाहेर पडण्याची वाट कोणती, हे आयोजकाला ठाऊक असते. नोंदणी करणाऱ्याला नसते. दुसरी संकल्पना बाह्यतेची. रस्ता बंद झाल्याचा खर्च स्पर्धेशी संबंध नसलेल्या नागरिकाला सोसावा लागतो आणि त्याची नोंद आयोजकाच्या जमाखर्चात होत नाही. चांगला जनसंपर्क ही माहितीची दरी कमी करतो आणि बाह्यतेचा भार हलका करतो. वाईट जनसंपर्क दोन्ही वाढवतो.

माहितीची अचूकता : आरोग्याचा प्रश्न

धावपटूला दिलेला प्रत्येक संदेश हा एका अर्थी वैद्यकीय सल्ला असतो. उष्ण व दमट हवेत घामाचे बाष्पीभवन मंदावते, शरीराचे तापमान वाढते आणि श्रमजन्य उष्माघाताचा धोका निर्माण होतो. म्हणून नुसते तापमान पुरेसे ठरत नाही. क्रीडावैद्यकात हवेचे तापमान, आर्द्रता, वारा आणि सूर्यकिरणे यांचा एकत्रित परिणाम दर्शवणारा ओल्या गोलकाच्या तापमानाचा निर्देशांक वापरतात. त्यात ओल्या तापमापीच्या नोंदीला ०.७, काळ्या गोलकाच्या नोंदीला ०.२ आणि हवेच्या तापमानाला ०.१ असे भारांक असतात. ओल्या तापमापीला दिलेला सर्वाधिक भार पाहिला, की किनारी शहरांत तुलनेने कमी तापमानही धोक्याचे का ठरते, हे उलगडते.

७ ऑक्टोबर २००७ रोजी अमेरिकेतील शिकागो मॅरेथॉन अनपेक्षित उष्म्यामुळे मध्येच थांबवावी लागली. स्पर्धा थांबल्याचा निरोप मार्गावर पसरलेल्या हजारो धावपटूंपर्यंत पोहोचवणे, हीच तेथील मोठी अडचण ठरली. पुढे हिरवा, पिवळा, लाल आणि काळा अशा चार रंगांच्या सूचनापद्धतीचा अवलंब तेथे आणि अन्यत्र होऊ लागला. हिरवा म्हणजे अनुकूल स्थिती आणि काळा म्हणजे स्पर्धा स्थगित. भारतीय हवामान विभागही हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगसंकेतांचा वापर करतो. रंगाचा अर्थ आधी शिकवलेला असेल, तरच तो आणीबाणीत उपयोगी पडतो. तो शिकवणे हे जनसंपर्काचे काम होय.

चांगल्या हेतूने दिलेला अर्धवट सल्लाही घातक ठरू शकतो. ‘भरपूर पाणी प्या’ हे वाक्य निरुपद्रवी वाटते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एका तरुण धावपटूचा रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या घटल्याने मृत्यू झाला. त्याच स्पर्धेतील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १३ टक्के धावपटूंमध्ये सोडियमची पातळी कमी आढळली. आवश्यकतेपेक्षा अधिक द्रवपदार्थ पिणे हे त्याचे प्रमुख कारण होते. तहानेनुसार पाणी प्या, वजन वाढेल इतके पिऊ नका, हा अधिक अचूक संदेश होय. तात्पर्य, प्रसिद्धिपत्रकातील आरोग्यविषयक मजकूर वैद्यकीय प्रमुखाच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ नये.

अचूकतेचा आणखी एक पैलू अंतराचा आहे. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते. पाच किंवा दहा किलोमीटरच्या धावेलाही मॅरेथॉन म्हणण्याची प्रथा आपल्याकडे रूढ झाली आहे. नवख्या व्यक्तीला यामुळे स्वतःच्या तयारीचा चुकीचा अंदाज येतो.

न धावणारा नागरिक

स्पर्धेच्या दिवशी धावणाऱ्यांपेक्षा न धावणाऱ्यांची संख्या कितीतरी अधिक असते. मरीनापासून पट्टिनपाक्कमपर्यंतच्या किनारपट्टीवर नोचिकुप्पमसारख्या मच्छीमार वसाहती आहेत. रविवार हा तेथे मासळी विक्रीचा मोठा दिवस. किनाऱ्यालगतचा रस्ता रविवारी सकाळी चार तास बंद राहिला, तर मासळी विकणाऱ्या स्त्रीचा दिवसाचा धंदा बुडू शकतो. दूध व वृत्तपत्रे पोहोचवणारे, पहाटेच्या पाळीला जाणारे कामगार, डायलिसिससाठी निघालेले रुग्ण, परीक्षेला जाणारे विद्यार्थी या सर्वांना आधी सूचना मिळणे आवश्यक असते.

येथे भाषेचा प्रश्न निर्णायक ठरतो. धावपटूंसाठीची प्रसिद्धी बहुधा इंग्रजीतून आणि समाजमाध्यमांवरून होते. रस्ता बंद असल्याची सूचनाही त्याच वाटेने गेली, तर ज्याला तिची सर्वाधिक गरज आहे त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही. तमिळ वृत्तपत्रे, रेडिओ, वसाहतीतील मंदिर, मशीद व चर्च यांचे ध्वनिक्षेपक, रिक्षाचालकांच्या संघटना आणि मच्छीमार पंचायती ही खरी माध्यमे ठरतात. महाराष्ट्रात सातारा येथे २०१२ पासून होणारी डोंगरी अर्धमॅरेथॉन असो वा मुंबईची स्पर्धा असो, मराठीतून आणि वस्तीपातळीवर सूचना देण्याचे महत्त्व तेवढेच आहे.

बाह्यतेचा भार कमी करण्याचे चांगले उदाहरणही चेन्नईतच आढळते. ५ जानेवारी २०२५ च्या मॅरेथॉनसाठी चेन्नई मेट्रोची सेवा पहाटे ३ वाजल्यापासून सुरू ठेवण्यात आली. त्यामुळे खासगी वाहनांची गर्दी टाळण्याचा पर्याय उपलब्ध झाला. अशी सोय उपलब्ध असणे आणि ती प्रत्येक स्पर्धकाला माहीत असणे, या दोन स्वतंत्र बाबी आहेत. दुसरी बाब जनसंपर्काच्या कक्षेत येते.

याउलट, आयलंड ग्राउंड्स परिसरातील रस्त्यांवर योजलेल्या मोटारशर्यतीबाबत वाद न्यायालयात गेला. जवळच्या शासकीय रुग्णालयांना होणारा आवाजाचा व वाहतुकीचा त्रास आणि सार्वजनिक निधीचा विनियोग हे त्यातील मुद्दे होते. डिसेंबर २०२३ मधील ही शर्यत चक्रीवादळामुळे पुढे ढकलली गेली आणि ३१ ऑगस्ट व १ सप्टेंबर २०२४ रोजी रात्रीच्या प्रकाशझोतात पार पडली. बाधित घटकांशी संवाद आधी झाला नाही, तर तो न्यायालयात होतो, असा याचा बोध घेता येईल.

आवाहन जेव्हा जड जाते

गर्दीचे आवाहन आणि गर्दी सामावण्याची क्षमता यांत अंतर पडले, की काय घडते याची तीन उदाहरणे अभ्यासण्याजोगी आहेत.

पहिले उदाहरण कुरंगणीचे. मार्च २०१८ मध्ये तेनी जिल्ह्यातील बोडिनायकनूरजवळील डोंगरांत दोन गट गिरिभ्रमणासाठी गेले होते. एक गट चेन्नईहून आणि दुसरा इरोड-तिरुप्पूर भागातून आला होता. चेन्नईच्या गटात तरुण स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. ११ मार्च रोजी परतीच्या वाटेवर वणव्याने त्यांना वेढले. वायुदलाच्या हेलिकॉप्टरांच्या साहाय्याने बचावकार्य झाले, तरी २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. शासनाने अतुल्य मिश्रा या सनदी अधिकाऱ्यामार्फत चौकशी करवली. मार्च हा तेथे कोरड्या गवताचा आणि वणव्यांचा काळ. सुमारे ५०० किलोमीटर दूर महानगरात सहलीची माहिती वाचून नाव नोंदवणाऱ्या व्यक्तीला ही स्थानिक माहिती मिळण्याची शक्यता कमी होती. या घटनेनंतर राज्याने २०१८ मध्येच गिरिभ्रमणाच्या नियमनाचे नियम केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये वनखात्याच्या पुढाकाराने ४० मार्गांची नोंदणीकृत योजना सुरू झाली. तिच्यात प्रशिक्षित स्थानिक वाटाड्यांचा समावेश असून वणव्याच्या मोसमात मार्ग बंद ठेवले जातात. ‘मार्ग बंद आहे’ ही सूचना आता योजनेच्या प्रसिद्धीचाच भाग बनली, हा महत्त्वाचा बदल होय. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण स्वीकारून नोंदणीवर भर दिला.

दुसरे उदाहरण ६ ऑक्टोबर २०२४ चे. मरीना किनाऱ्यावर वायुदलाच्या हवाई प्रात्यक्षिकांसाठी लाखोंचा जनसमुदाय लोटला. विक्रमी उपस्थितीची अपेक्षा आधीपासून व्यक्त होत होती. कडक उन्हात पाणी, सावली आणि परतीची वाहतूक अपुरी पडली आणि पाच जणांचा मृत्यू झाला. हा क्रीडा उपक्रम नव्हता; तथापि मोकळ्या जागेवरील कोणत्याही कार्यक्रमाला त्याचा धडा लागू पडतो.

तिसरे उदाहरण शेजारच्या बंगळूरुचे. ४ जून २०२५ रोजी क्रिकेट संघाच्या विजयोत्सवासाठी चिन्नास्वामी क्रीडांगणाबाहेर जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ जणांनी प्राण गमावले. समाजमाध्यमांवरून केलेले आवाहन आणि पोलिसांची परवानगी यांतील संबंध हा पुढील तपासातील कळीचा मुद्दा ठरला. विपणन विभागातील अधिकाऱ्यालाही अटकेला सामोरे जावे लागले. समाजमाध्यमावरील चार ओळींचा मजकूर हा आता सार्वजनिक सुव्यवस्थेचा विषय बनला आहे, हे त्यावरून दिसते.

रद्द करण्याचा निर्णय

जनसंपर्काची खरी कसोटी स्पर्धा रद्द करताना लागते. ऑक्टोबर २०१२ च्या अखेरीस ‘सँडी’ वादळाने न्यूयॉर्कला तडाखा दिला. मॅरेथॉन ४ नोव्हेंबरला होती. शहर सावरत असल्याचे प्रतीक म्हणून ती व्हावी, अशी महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांची भूमिका होती. परंतु वीज नसलेल्या वस्त्यांतील नागरिकांनी स्पर्धेसाठी राखून ठेवलेल्या जनित्रांकडे बोट दाखवले आणि संताप उसळला. अखेर २ नोव्हेंबरला स्पर्धा रद्द झाली. तोपर्यंत देशोदेशीचे हजारो धावपटू शहरात पोहोचले होते. उशिरा घेतलेल्या योग्य निर्णयाने दोन्ही बाजूंना दुखावले.

याहून कठोर उदाहरण चीनच्या कान्सू प्रांतातील आहे. २२ मे २०२१ रोजी १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत गारपीट, थंड पाऊस आणि सोसाट्याचा वारा यांत १७२ पैकी २१ धावपटू मृत्युमुखी पडले. हवामानाचा इशारा उपलब्ध होता. त्यावर वेळेत कृती झाली नाही, असे चौकशीत निष्पन्न झाले.

रद्द करणे इतके अवघड का जाते, याचे उत्तर प्रोत्साहनांच्या रचनेत सापडते. रद्द केल्याचे नुकसान आयोजकाला लगेच आणि निश्चित दिसते. न रद्द केल्याचे नुकसान दूरचे, अनिश्चित आणि बहुधा दुसऱ्याचे असते. म्हणून हा निर्णय प्रसिद्धी किंवा विपणन विभागाकडे नसावा. वैद्यकीय प्रमुख, पोलीस आणि हवामानतज्ज्ञ यांच्या समितीकडे तो असावा. त्याचे निकष नोंदणीच्या वेळीच जाहीर व्हावेत आणि शुल्क परताव्याचा नियम व विमा यांची तरतूद आधी केलेली असावी. असे केल्यास कटू बातमी सांगण्याचे धैर्य व्यक्तीच्या स्वभावावर अवलंबून राहत नाही. ते व्यवस्थेचा भाग बनते.

कायदेशीर चौकट

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार क्रीडा, सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे राज्यसूचीतील विषय आहेत. त्यामुळे परवानग्या राज्य व स्थानिक यंत्रणेकडून मिळतात. गर्दीच्या व्यवस्थापनासाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये मार्गदर्शिका प्रसिद्ध केली.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तू व सेवांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची व्याख्या असून कलम २१ नुसार १० लाख रुपयांपर्यंत, तर पुनरावृत्ती झाल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जून २०२२ मध्ये याबाबत मार्गदर्शक तत्त्वे जारी झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींनी मोबदल्याचा संबंध उघड करण्याविषयी सूचना देण्यात आल्या. नामवंत धावपटूने बुटांची किंवा स्पर्धेची मोबदला घेऊन शिफारस केली, तर ते सांगणे बंधनकारक आहे.

नोंदणी अर्जात वय, आजार, रक्तगट अशी माहिती घेतली जाते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार अशी माहिती ठरावीक हेतूसाठी व संमतीने वापरावी लागते. १८ वर्षांखालील मुलांबाबत पालकांची संमती आवश्यक आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. बालकांच्या धावेतील छायाचित्रे प्रसिद्धीसाठी वापरताना ही बाब विसरता येणार नाही.

रोजगाराची संधी व पात्रता

या क्षेत्रातील काम वर्षभर चालते. स्पर्धेपूर्वी प्रायोजक, वृत्तमाध्यमे, शाळा-महाविद्यालये व रहिवासी संघ यांच्याशी संपर्क. स्पर्धेदरम्यान नियंत्रण कक्षातून एकमुखी माहिती. स्पर्धेनंतर निकाल, कचऱ्याची विल्हेवाट, धर्मादाय निधीचा हिशेब आणि तक्रारींचे निवारण अशी त्याची विभागणी होते. तिसरा टप्पा सर्वाधिक दुर्लक्षित असून पुढील वर्षाची विश्वासार्हता त्यावरच ठरते.

भारतीय जनसंचार संस्थेत जाहिरात व जनसंपर्क विषयाचा अभ्यासक्रम आहे. या संस्थेचे एक केंद्र अमरावती येथे आहे. विद्यापीठांतील वृत्तविद्या विभागांतही हा विषय शिकवला जातो. तथापि पदवीइतकेच महत्त्व काही कौशल्यांना आहे. स्थानिक भाषेवर प्रभुत्व, प्रथमोपचाराचे ज्ञान, हवामानवृत्त वाचण्याची सवय, आकडेवारीची जाण आणि दबावाखाली संयमाने ‘नाही’ म्हणण्याची तयारी ही ती कौशल्ये होत. स्वयंसेवक म्हणून पाणीकेंद्रावर केलेले काम हे या व्यवसायाचे उत्तम प्राथमिक प्रशिक्षण ठरते.

समारोप

धावण्याच्या संस्कृतीचा प्रसार ही स्वागतार्ह घटना आहे. मधुमेह व हृदयविकार यांचा भार वाहणाऱ्या समाजात सार्वजनिक रस्त्यावर निर्भयपणे धावता येणे हा आरोग्याचा आणि नागरी जीवनाचाही लाभ आहे. या लाभाची वाढ सहभागींच्या संख्येवरून मोजण्याचा मोह टाळायला हवा. किती स्पर्धकांना हवामानाचा इशारा वेळेत मिळाला, किती रहिवाशांना रस्ता बंद असल्याचे आठवडाभर आधी त्यांच्या भाषेत समजले, किती तक्रारींमुळे पुढील वर्षीचा मार्ग बदलला, हे अधिक विश्वसनीय निकष आहेत. चेन्नई, कुरंगणी आणि बंगळूरु येथील घटनांनी हे निकष किती मोलाचे आहेत ते दाखवून दिले आहे. प्रायोजक आणि परवानगी देणाऱ्या यंत्रणा यांनी आयोजकाकडून याच आकड्यांची मागणी केली, तर जनसंपर्क अधिकाऱ्याला खरे बोलणे सोपे जाईल.

सरावासाठी प्रश्न

१. प्रसिद्धी आणि जनसंपर्क यांतील भेद ग्रुनिग व हंट यांच्या चार प्रतिमानांच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘मोकळ्या जागेवरील क्रीडा उपक्रम हे असममित माहिती व बाह्यता या दोन्ही संकल्पनांचे उदाहरण आहे.’ चर्चा करा.
३. मॅरेथॉनवरील खर्च कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या खर्चात का धरला जात नाही?
४. स्पर्धा रद्द करण्याचा अधिकार कोणाकडे असावा? देशी व विदेशी उदाहरणांसह विवेचन करा.
५. समाजमाध्यमांवरील आवाहन आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांचा परस्परसंबंध अलीकडील घटनांच्या आधारे तपासा.